किती जणांनी नाव घेतलं, आणि कशासाठी?

दरवर्षी पावसाळा सरता सरता कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत एक बातमी येते : जगातल्या आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत इथल्या अमुक इतक्या प्राध्यापकांचा समावेश. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी ही यादी करतात. बातमीपाठोपाठ फाटकावर डिजिटल फलक लागतो. त्यात गैर काही नाही. कोल्हापुरात याहून किरकोळ कारणांसाठी याहून मोठे फलक लागतात. पण या बातम्यांत पुढे असतात ती नावं भौतिकशास्त्राची, रसायनशास्त्राची, पदार्थविज्ञानाची. शिवाजी विद्यापीठात आणि पुढे डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात काम केलेल्या चंद्रकांत लोखंडे यांचं नाव त्यांत ठळक. रासायनिक पद्धतीनं पातळ थर, म्हणजे थिन फिल्म, कसे बसवायचे यावर त्यांनी आर. एस. माने यांच्यासोबत २००० साली लिहिलेला आढावा जगभरात हजाराहून जास्त वेळा उल्लेखला गेला आहे.

मग हृदयरोगाचं काय? सरकारी सीपीआर रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागापुढची रांग पाहिली तर छातीत दुखणाऱ्यांची या जिल्ह्यात वाण नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अभिमत विद्यापीठाचं आहे, खासगी रुग्णालयांत अँजिओप्लास्टी रोज होते. तरीही हृदयरोगाच्या संशोधकाचं नाव कोणी, किती वेळा आणि कशासाठी घेतलं, हा प्रश्न इथे क्वचित निघतो. निघाला तरी एका आकड्यावर येऊन थांबतो. महाराष्ट्रातल्या हृदयसंशोधनाचे गेल्या पाऊणशे वर्षांतले काही पेपर समोर ठेवले तर मला वाटतं, सायटेशन, म्हणजे इतरांच्या लेखांतले उल्लेख, मोजण्यापेक्षा ती उघडून वाचण्यात जास्त अर्थ आहे. कोणत्या देशातल्या, कोणत्या डॉक्टरानं, कोणत्या वाक्यात तो पेपर आणला, हे पाहिलं की आकडा सांगत नाही ते कळतं.

आधी हा हिशेब चालतो कसा ते थोडक्यात. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात कल्पना मांडली की कोणत्या लेखानं कोणत्या लेखाचा आधार घेतला याची सूची करावी. १९६४ मध्ये त्यांच्या फिलाडेल्फियातल्या संस्थेनं ती सूची बाजारात आणली. गारफील्डना हवी होती शोधाची वाट : एखादा जुना पेपर घ्या, त्याचा आधार पुढे कोणी घेतला ते पाहा, म्हणजे विषय कुठवर आला ते कळेल. माणसांना गुण देण्यासाठी तिचा वापर नंतर सुरू झाला. २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं एच-इंडेक्स काढला. वीस पेपर प्रत्येकी किमान वीसदा उल्लेखले गेले असतील तर इंडेक्स वीस. सोपं आहे, म्हणूनच फोफावलं. पण आयुष्यात दोनच पेपर लिहून अख्खी उपचारपद्धती बदलणाऱ्याचा इंडेक्स दोनच राहतो. शिवाय गूगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या तिघांकडे एकाच माणसाचे तीन आकडे निघतात, कारण प्रत्येकाचं भांडार वेगळं. आयोनिडिस यांची यादी स्कोपसवर उभी आहे. तिच्यात स्वतःच स्वतःचा केलेला उल्लेख वेगळा काढतात, पहिल्या-शेवटच्या लेखकाला जास्त वजन देतात आणि प्रत्येकाला आपापल्या उपविषयातल्या लोकांशीही ताडून पाहतात. एकट्या एच-इंडेक्सपेक्षा हे बरंच शहाणपणाचं आहे. तरी ती मोजणीच.

आता रुस्तम जाल वकील. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या पारशी हृदयरोगतज्ज्ञानं १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेवरचा पेपर छापला. सर्पगंधेची मुळी रक्तदाब उतरवते, हे लिहिणारे ते पहिले नव्हेत. कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा गुण नोंदवला होता. पण तो लेख भारतातल्या नियतकालिकात होता. लंडन-बोस्टनच्या टेबलावर तो पोचलाच नाही. वकिलांनी पन्नास रुग्णांची पद्धतशीर निरीक्षणं ब्रिटिश नियतकालिकात दिली आणि बोस्टनचे रॉबर्ट विल्किन्स ते वाचून भारतातून गोळ्या मागवून कामाला लागले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत मुळीतून रेसरपीन वेगळं काढलं गेलं. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. औषध तेच आणि गुणही तोच; कोलकात्याच्या लेखाला जी वाट मिळाली नाही ती अठरा वर्षांनी मुंबईच्या लेखाला मिळाली, त्यात गुणवत्तेइतकाच वाटा पत्त्याचाही होता.

पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांनी मिळून एडवर्ड फ्राइस यांच्या पुढाकारानं एक चाचणी छापली. खूप जास्त रक्तदाब असणाऱ्या १४३ पुरुषांपैकी निम्म्यांना औषधं, निम्म्यांना नुसत्या साखरेच्या गोळ्या. औषधवाल्यांत पक्षाघात, हृदय निकामी होणं, मृत्यू हे सगळं इतकं कमी झालं की 'इतक्या रक्तदाबावर उपचार करावेत का?' हा वादच मिटला. त्या औषधांच्या मिश्रणात तीन द्रव्यं होती आणि त्यांतलं एक रेसरपीन. आज जगात कोणीही डॉक्टर रक्तदाबाची गोळी लिहिताना वकिलांचा आधार देत नाही. द्यायची गरजच उरलेली नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे फार पूर्वी हेरलं होतं : शोध सगळ्यांच्या ज्ञानात मुरला की शोधणाऱ्याचं नाव गळतं. म्हणजे सायटेशन उतरणीला लागली याचा अर्थ कधी काम शिळं झालं असा, तर कधी ते जिंकलं असा. आकड्यावरून दोन्हींत फरक करता येत नाही.

केईएममध्येच के. के. दाते होते. मराठी घरांतल्या जुन्या लोकांना हृदयाचे डॉक्टर म्हटलं की हे नाव आठवतं. १९६९ मध्ये दाते, देशमुख, दळवी आणि विनेकर यांनी 'अँजिओलॉजी' या नियतकालिकात शवासनावर पेपर लिहिला. रुग्ण होते ४७. पद्धत अशी : उताणं पडायचं, हातपाय सैल सोडायचे, पोटानं संथ श्वास घ्यायचा, श्वास घेतल्यावर जरासं थांबायचं, सोडल्यावर थोडं जास्त थांबायचं आणि लक्ष नाकपुडीशी ठेवायचं, आत जाणारी हवा गार, बाहेर येणारी कोमट. रोज अर्धा तास. औषध न घेणाऱ्या गटात सरासरी रक्तदाब १३४ वरून १०७ वर आला. औषध घेणाऱ्यांत निम्म्याहून जास्त जणांची मात्रा मूळच्या तिसऱ्या हिश्शावर आली. आजच्या मापानं हा पेपर कच्चा आहे. तुलनेला वेगळा गट नाही, आणि दवाखान्यात वारंवार रक्तदाब मोजला की भीती मोडून तो आपोआपही उतरतो, याचा हिशेब नाही. पण त्याची सायटेशन उघडून पाहा. लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉ. चंद्रा पटेल यांनी हीच पद्धत उचलली, तिला बायोफीडबॅकचं यंत्र जोडलं आणि १९७३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये वीस रुग्णांचा अनुभव मांडला. तिथेही तुलनेचा गट नव्हता. मग १९७५ मध्ये नॉर्थ या सहकाऱ्यासह ३४ रुग्णांची चिठ्ठ्या टाकून वाटणी केलेली चाचणी त्यांनी पुन्हा 'लॅन्सेट'मध्येच छापली. म्हणजे दात्यांच्या पेपरमधली उणीव त्याला उल्लेखणाऱ्यांनीच भरून काढली. मुंबईतून निघालेला प्रश्न सहा वर्षांत लंडनमध्ये चांगल्या चाचणीपर्यंत पोचला. एखाद्या पेपरचा यापेक्षा चांगला शेवट मला सांगता येणार नाही, पण दात्यांच्या खात्यावर त्याची नोंद 'दोन' एवढीच.

प्रफुल्लकुमार सेन यांचं उदाहरण उलट्या बाजूचं. फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केईएममध्ये करणारे हे शल्यविशारद. सापाच्या हृदयात रक्त थेट कप्प्यातूनच स्नायूत झिरपतं, हे ध्यानात घेऊन त्यांनी १९६५ मध्ये मांडलं की सुईनं हृदयाच्या भिंतीत बारीक छिद्रं पाडून रक्त नेता येईल. पुढे बायपास आली आणि हा विचार मागे पडला. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत हीच छिद्रं लेझरनं पाडायला सुरुवात झाली, १९९८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं लेझर यंत्राला परवानगीही दिली, आणि त्या सगळ्या लेखनात सेनांचा पेपर पहिल्या पानावर येऊ लागला. नंतर कळलं की छिद्रं बुजतात, रक्त फारसं जात नाही आणि दुखणं कमी झाल्याचा अनुभव बराचसा मनाचा असावा. सेनांची सायटेशन मात्र वाढली ती वाढलीच. चुकीच्या ठरलेल्या वाटेचा पहिला माणूस म्हणूनही नाव खूप वेळा निघतं. सेनांसारख्या धाडसी शल्यविशारदाला मी त्यावरून कमी लेखणार नाही, आणि थोरही ठरवणार नाही.

या आढाव्याचा कणा मात्र महाडला आहे.

हिम्मतराव साळुबा बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. त्यांच्या शिक्षणाची ओढाताण 'बॅरिस्टरचं कार्टं' या आत्मचरित्रात आली आहे, ती इथे सांगत नाही. १९७६ च्या सुमारास ते रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर नोकरीला लागले. कोकणात लाल विंचवाच्या दंशानं माणसं मरतात, मुलं जास्त, हे गावाला माहीत होतं. वैद्यकालाही थोडं माहीत होतं : मुंडले यांनी १९६१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये कोकणातल्या विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी भरल्याची नोंद केली होती, १९७८ मध्ये हाफकिनच्या गायतोंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये. पण मरतात ते नेमके कसे आणि कोणत्या तासाला, हे खाटेशेजारी बसल्याशिवाय कळणार नव्हतं. बावस्कर बसले. दंश झालेल्याला आधी उलटी होते, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, मुलग्यांत शिश्न ताठरतं. रक्तदाब चढतो. काही तासांनी नाडी पळू लागते, खोकल्यासोबत गुलाबी फेस येतो, आणि फुप्फुसात पाणी. १९८२ च्या 'लॅन्सेट'मधल्या पेपरात त्यांनी मांडलं की उलटी, घाम आणि गार हातपाय ही पुढच्या हृदयाघाताची आगाऊ सूचना आहे. म्हणजे फेस यायची वाट पाहू नका.

हे काम विषाचं दिसतं, पण आतून ते हृदयाचं आहे. विंचवाचं विष मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतं. त्यामुळे अॅड्रेनलिन आणि त्याच्या जातीच्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, त्या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं. पूर्वी अशा रुग्णाला झोपेच्या औषधांचं मिश्रण, अॅट्रोपीन, स्टेरॉइड असं काहीबाही टोचलं जाई. त्यातल्या काहींनी उलट नुकसान व्हायचं. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं औषध बाजारात होतंच, रक्तदाबासाठी : प्राझोसिन. बावस्करांनी ते तोंडानं द्यायला सुरुवात केली आणि १९८६ मध्ये 'लॅन्सेट'ला कळवलं. त्यांच्या स्वतःच्या नोंदींनुसार प्राझोसिनपूर्वीच्या काळात गंभीर दंशाच्या शंभरातले तीसेक दगावत, नंतर ते प्रमाण एक-दोनवर आलं. गोळी स्वस्त, सलाईन लागत नाही, तालुक्याच्या औषधाच्या दुकानात मिळते.

त्यांच्या पेपरची सायटेशन कुठून येतात ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकेच्या मोठ्या हृदयसंस्थांतून फार नाहीत. ती येतात ट्युनिशिया, ब्राझील, इस्रायल, इराण, तुर्कस्तान, मेक्सिको इथून. जिथे विंचू आहे तिथून. बीरशेबाचे मोशे गुएरॉन साठच्या दशकापासून विंचूदंश आणि हृदय यावर लिहीत होते. त्यांच्या आणि बावस्करांच्या लेखनात एकमेकांचे दाखले आहेत. मग वाद पेटला प्रतिविषावर. १९९९ मध्ये ट्युनिशियाच्या अबरूग आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये ८२५ रुग्णांची चाचणी छापली : प्रत्येकाला सरसकट प्रतिविष देऊन फायदा दिसत नाही. इकडे हाफकिननं लाल विंचवाविरुद्धचं प्रतिविष केलं होतं आणि चिपळूणकडच्या डॉक्टरांना ते उपयोगी वाटत होतं; व्ही. एस. नातू आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तसं लिहिलं. बावस्कर प्राझोसिनचे पुरस्कर्ते. साध्या माणसानं आपल्या औषधाची पाठराखण केली असती. हिम्मतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडमध्ये चाचणी घेतली : ७० रुग्ण, निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन अधिक प्रतिविष. २०११ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधला निकाल : दहा तासांत पूर्ण बरे झाले ते प्रतिविषाच्या गटात ३५ पैकी ३२, नुसत्या प्राझोसिनच्या गटात ३५ पैकी ८. ज्या औषधानं त्यांचं नाव झालं त्याच्याच पुढे जाणारा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या नावावर छापला.

२०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बातम्यांत 'लॅन्सेट'मधल्या पेपरांचा गजर होता. खरं पाहता त्यांतले बरेचसे लहान टिपणं आणि पत्रं आहेत. वैद्यकीय शिक्षकाच्या बढतीच्या हिशेबात अशा पत्रांना किंमत नसते. मूळ संशोधनच धरलं जातं. आणि महाडमध्ये खासगी दवाखाना चालवणाऱ्याला बढती द्यायची तरी कोण? म्हणजे ज्याच्या लेखनानं महाराष्ट्रात सर्वांत जास्त हृदयं वाचली असावीत अशा माणसाचं लेखन व्यवस्थेच्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात धड बसत नाही.

पुण्याच्या केईएमचे चित्तरंजन याज्ञिक यांचा एक पेपर तर एका पानाचा आहे. २००४ च्या 'लॅन्सेट'मध्ये दोन पुरुष शेजारी उभे आहेत, याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. भारतीय माणूस काट्यावर सडपातळ दिसतो आणि आतून चरबीचा असतो, मधुमेह नि हृदयरोग त्याला तरुणपणी का गाठतात याचा एक धागा त्या छायाचित्रात आहे. त्यामागे पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांची वर्षानुवर्षांची मोजमापं होती, १९९३ पासूनची. एका पानाला जगभर मान्यता मिळाली, कारण त्याच्या पाठीशी वजनकाटे घेऊन गावोगाव फिरलेली माणसं होती.

मराठी वाचकाला इथे आणखी एक पुस्तक आठवेल : अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, ते वाचून लोकांनी तेल कमी केलं, चालायला लागले. स्कोपसच्या लेखी या पुस्तकाचा मराठी घरांवरचा परिणाम शून्य.

उजेडाची बाजू झाली. अंधाराची पण आहे, आणि तीही हृदयरोगातच. उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादच्या एका डॉक्टरांचा आहार आणि हृदयविकारावरचा पेपर १९९२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला, तशाच धर्तीचा दुसरा २००२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये. फळं, भाज्या, अक्रोड, मोहरीचं तेल खाल्ल्यानं मृत्यू निम्म्यावर येतात, असा चांगला ऐकू येणारा निष्कर्ष. संपादकांनी मूळ नोंदी मागितल्या तेव्हा त्या वाळवीनं खाल्ल्या असं उत्तर आलं. २००५ मध्ये दोन्ही नियतकालिकांनी जाहीर शंका छापली. पेपर मागे घेतले गेले नाहीत, आणि त्यांचा उल्लेखही थांबला नाही. मोजणाऱ्या यंत्राला 'यांनी असं दाखवलं' आणि 'यांच्यावर विश्वास ठेवू नका' ही दोन्ही वाक्यं सारखीच.

आता व्यवस्थेकडे. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांचं २००५ ते २०१४ या दहा वर्षांतलं लेखन मोजलं. त्यांतल्या ३३२ संस्थांचा, म्हणजे निम्म्याहून जास्त संस्थांचा, दहा वर्षांत एकही पेपर नव्हता. केवळ २५ संस्थांनी वर्षाला शंभराहून जास्त पेपर दिले आणि देशाच्या एकूण लेखनाचा चाळीस टक्के वाटा त्यांचाच होता. त्याच सुमारास, २०१५ मध्ये, मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियानं बढतीसाठी पहिल्या किंवा दुसऱ्या लेखकाचे पेपर सक्तीचे केले आणि केवळ इंटरनेटवर निघणाऱ्या नियतकालिकांना बाहेर ठेवलं. नंतर हे नियम बदलत गेले. पण ज्यांनी कधी लिहिलं नव्हतं त्यांना एका तारखेनंतर लिहिणं भाग पडलं की काय होणार ते झालं. पैसे घेऊन आठवड्यात छापणारी नियतकालिकं उगवली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांची पुण्यात भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी छाननी केली, तर तपासलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक सुमार निघाली. मग आयोगाची केअर यादी आली, २०२५ मध्ये तीही बंद झाली.

याचा भार पडतो पीजीच्या विद्यार्थ्यावर. त्याला दीड-दोन वर्षांत थिसिस संपवायचा असतो, गाईडला पेपर हवा असतो. मग विषय असा निवडला जातो की जो वेळेत संपेल : 'अमुक रुग्णालयात हृदयविकाराच्या झटक्यानं आलेल्या शंभर रुग्णांचा अभ्यास'. वय, लिंग, तंबाखू, मधुमेह, ईसीजी, संपलं. अशा थिसिसचे गठ्ठे महाराष्ट्रातल्या प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहेत. त्यांना सायटेशन मिळत नाहीत याचं आश्चर्य नाही. त्यांनी कोणता प्रश्नच विचारलेला नसतो.

दुसरी वाट मोठ्या बहुकेंद्री अभ्यासांची. २००८ च्या 'लॅन्सेट'मधल्या क्रिएट नोंदणीत देशातल्या ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांतले वीस हजारांहून अधिक रुग्ण होते. बंगळुरूच्या सेंट जॉन्समधून डेनिस झेवियर आणि सहकाऱ्यांनी ती चालवली. तिच्यातली सर्वांत कडू गोष्ट : महिन्याभरात गरिबांतले ८.२ टक्के दगावले, श्रीमंतांतले ५.५, आणि दोघांना मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरला की हे अंतर जवळपास नाहीसं झालं. रोग सारखाच होता, गोळ्या आणि इंजेक्शनं सारखी नव्हती. असे पेपर पुष्कळ वेळा उल्लेखले जातात. पण जिल्ह्याच्या गावी ज्यांनी रात्री दोनला फॉर्म भरले ते लग्नपत्रिकेतल्या 'आपले विनीत' यादीसारखे परिशिष्टात लहान अक्षरांत उरतात. लहान शहरातला हृदयरोगतज्ज्ञ त्या यादीत नाव आलं की समाधान मानतो आणि पुढच्या अभ्यासाच्या फॉर्मची वाट पाहतो. मला हे खटकतं. फॉर्म भरणं हे काम आहेच, पण प्रश्न दुसऱ्याचा.

कोल्हापूरजवळ स्वतःचे प्रश्न आहेत, आणि ते इथल्याच माणसाला सुचतील असे. तालमीत दोन-तीन हजार जोर-बैठका मारून, थंडाई-तूप-मटणावर घडलेला पैलवान चाळिशीत आखाडा सोडतो. खुराक सुटत नाही, मेहनत सुटते. त्याच्या हृदयाच्या जाड झालेल्या भिंतीचं पुढे काय होतं? खेळाडूंच्या हृदयावर युरोपात ढिगानं लेखन आहे, पण ते सायकलपटूंचं नि धावपटूंचं. लाल मातीतल्या पैलवानाचा इको वर्षानुवर्षं कोणी करत गेलं तर जगातल्या क्रीडाहृदयाच्या तज्ज्ञांना तो पेपर उघडावाच लागेल. ऊसतोडीच्या हंगामात बीड-धाराशिवकडून आलेल्या मजुराला फडात छातीत कळ आली तर तो मुकादमाला किती वेळानं सांगतो, आणि उचल फिटायची असताना सांगतो तरी का? ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळुरू महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली होता. त्या दिवसांत ज्यांना झटका आला त्यांना ईसीजी कुठे आणि किती तासांनी मिळाला? क्रिएटनं वेळेचा प्रश्न देशपातळीवर मांडला. पुराच्या आठवड्यातली वेळ पंचगंगेच्या काठीच मोजता येईल.

यातल्या एकालाही मोठं अनुदान लागत नाही. लागते ती बिरवाडीत होती तशी नोंदवही : दुखणं कधी सुरू झालं, कोणत्या वाहनानं आले, पहिला ईसीजी किती वाजता, रक्तदाब किती, कोणत्या तालुक्याचे, वाटेत कुठे थांबले. आणि ती एका थिसिसपुरती दीड वर्षं न ठेवता दहा वर्षं ठेवणारा विभागप्रमुख, ज्याची दरम्यान बदली होणार नाही. शासकीय महाविद्यालयात ही शेवटची अट सर्वांत अवघड आहे. गाईड बदलला की नोंदवही बदलते.

आणि याच जिल्ह्यातल्या चंदगडचं काय करायचं? तिथल्या माणसाच्या छातीत दुखलं तर घरचे त्याला कोल्हापूरला आणत नाहीत. बेळगाव जवळ आहे, गाडी तिकडे वळते. तो महाराष्ट्राचा रहिवासी, पण त्याचा ईसीजी कर्नाटकच्या कागदांत. कोल्हापूरच्या कुठल्याही रुग्णालयात बसून केलेल्या अभ्यासात हा तालुका निरोगीच दिसणार. चंदगडवरच्या पेपरचा पहिला सहलेखक बेळगावातच शोधावा लागेल.